बुद्धिबळाच्या सिद्धांताचा इतिहास

बुद्धिबळाचा सिद्धांत म्हणजे डावातील कोणत्या स्थितीत कोणती योजना वा खेळी योग्य ठरते, याविषयी खेळाडू, विश्लेषक आणि ग्रंथकार यांनी अनेक शतकांत जमा केलेले ज्ञान होय. बुद्धिबळाचे नियम थोडे आहेत आणि ते काही तासांत शिकता येतात; परंतु त्या नियमांतून निर्माण होणाऱ्या स्थितींची संख्या इतकी प्रचंड आहे की संपूर्ण खेळाचे गणित आजवर कोणालाही पूर्ण करता आलेले नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी खेळाडूंनी वेगवेगळ्या काळांत सर्वसाधारण तत्त्वे शोधली, त्यांचे नियम केले आणि पुढील पिढ्यांनी त्या नियमांना अपवाद शोधून काढले. योग्य खेळी तत्त्वावरून ठरते की प्रत्येक स्थितीचे स्वतंत्र गणित मांडावे लागते, हा प्रश्न या इतिहासात आरंभापासून संगणकयुगापर्यंत पुन्हा पुन्हा उपस्थित झालेला दिसतो.

स्वरूप

अभ्यासाच्या सोयीसाठी बुद्धिबळाच्या डावाचे तीन भाग मानले जातात. पहिल्या भागास प्रारंभ म्हणतात. त्यात मोहरे मूळ घरांतून बाहेर काढून त्यांची मांडणी केली जाते. दुसरा भाग मध्यडाव. त्यात प्रत्यक्ष संघर्ष होतो. तिसरा भाग अंतिम डाव; त्यात पटावर थोडेच मोहरे उरतात आणि राजा स्वतः लढाईत उतरतो. प्रारंभाचा सिद्धांत मुख्यतः विशिष्ट खेळ्यांच्या क्रमांचा असतो आणि तो सतत बदलतो. अंतिम डावाचा सिद्धांत त्यामानाने स्थिर असतो, कारण थोड्या मोहऱ्यांच्या स्थितींचा निर्णय निश्चितपणे सांगता येतो. मध्यडावात सर्वसाधारण तत्त्वांना सर्वाधिक वाव असल्यामुळे बुद्धिबळातील वैचारिक वाद प्रामुख्याने याच भागाविषयी झाले.

चतुरंग आणि शतरंज

बुद्धिबळाचा उगम भारतातील चतुरंग या खेळात झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या 'हर्षचरित' या ग्रंथात चतुरंगाचा उल्लेख आढळतो. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये या खेळाचे वर्णन आहे. मूळच्या पैठणच्या, परंतु काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातील नीलकंठ भट्ट यांनीही 'भगवंतभास्कर' या सतराव्या शतकातील ग्रंथाच्या नीतिमयूख या भागात या खेळाचा परामर्श घेतला आहे.

भारतातून हा खेळ इराणमध्ये आणि तेथून अरबी जगात गेला. शतरंज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या रूपात वजिराच्या जागी असलेला फर्झान तिरका एकच घर चालत असे, तर आजच्या उंटाच्या जागी असलेला फील तिरक्या दिशेत बरोबर दुसऱ्या घरात उडी घेत असे. परिणामी डावाची सुरुवात संथ असे. दोन्ही सैन्यांचा संपर्क येण्यापूर्वी अनेक खेळ्या होत आणि त्यामुळे खेळ्यांच्या क्रमापेक्षा मांडणीला महत्त्व आले. अशा ठरावीक मांडण्यांना ताबिया म्हणत. प्रारंभाच्या सिद्धांताचे हे सर्वांत जुने ज्ञात रूप होय. आजही एखाद्या प्रारंभातून वारंवार उद्भवणाऱ्या स्थितीस खेळाडू ताबिया म्हणतात.

नवव्या शतकातील अल-अदली आणि दहाव्या शतकातील अस-सूली हे या काळातील प्रमुख ग्रंथकार होत. मात करण्याच्या रचलेल्या स्थिती, म्हणजे मन्सूबा, आणि अंतिम डावांचे निर्णय त्यांनी नोंदवून ठेवले. अस-सूलीने रचलेली एक स्थिती 'अस-सूलीचा हिरा' या नावाने प्रसिद्ध आहे. तिची उकल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत ग्रँडमास्टर युरी अव्हरबाख यांनी प्रसिद्ध केली.

नियमबदल आणि पहिले मुद्रित ग्रंथ

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात, विशेषतः स्पेनमध्ये, वजीर आणि उंट यांना आजच्या दीर्घ पल्ल्याच्या चाली मिळाल्या. या बदलामुळे पूर्वी जमा झालेले प्रारंभाचे बहुतेक ज्ञान निरुपयोगी झाले. वजीर पटावरचा सर्वांत बलवान मोहरा झाल्यामुळे काही खेळ्यांतच राजावर मात होण्याची शक्यता निर्माण झाली. संथ मांडणीपेक्षा नेमक्या खेळ्यांचा क्रम महत्त्वाचा ठरू लागला.

मुद्रणकलेच्या प्रसारामुळे नवे ज्ञान वेगाने पसरले. लुइस रामिरेझ दे ल्युसेना याचा १४९७ मध्ये सालामांका येथे छापलेला ग्रंथ हा नव्या नियमांचे विवेचन करणारा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना मुद्रित ग्रंथ मानला जातो. पोर्तुगीज औषधविक्रेता पेद्रो दामियानो याचा ग्रंथ १५१२ मध्ये रोममध्ये, तर स्पॅनिश धर्मगुरू रुय लोपेझ याचा ग्रंथ १५६१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर उजेड येईल अशा रीतीने पट ठेवावा, असले सल्लेही या काळातील ग्रंथांत दिलेले आहेत. सतराव्या शतकातील इटालियन खेळाडू जोआकिनो ग्रेको याने आपल्या हस्तलिखितांत सापळे आणि जलद हल्ले असलेले छोटे डाव संग्रहित केले. त्यांची इंग्रजी आवृत्ती त्याच्या मृत्यूनंतर १६५६ मध्ये लंडनमध्ये निघाली. या सर्व ग्रंथांत उदाहरणे भरपूर होती. मात्र त्यांना जोडणारा विचार क्वचितच आढळत असे.

फिलिदोर आणि मोदेनाचे विश्लेषक

असा विचार प्रथम मांडला तो फ्रेंच संगीतकार फ्रांस्वा-आंद्रे दानिकाँ फिलिदोर (१७२६–१७९५) याने. १७४९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात प्यादी हा खेळाचा प्राण असल्याचे प्रतिपादन आहे. प्यादे मागे येऊ शकत नाही; त्यामुळे प्रत्येक प्याद्याची चाल हा कायमचा निर्णय असतो आणि प्याद्यांची रचना ही डावाची चौकट ठरवते, असे त्याच्या विचाराचे सार सांगता येईल. त्याने खेळ्या केवळ नोंदवल्या नाहीत, तर त्यांमागील कारणेही टिपांत स्पष्ट केली. बुद्धिबळाच्या स्पष्टीकरणपर लेखनाची परंपरा येथून सुरू झाली.

फिलिदोरवर इटलीतील मोदेना या शहराशी निगडित तीन विश्लेषकांनी टीका केली. एर्कोले देल रिओ, जांबात्तिस्ता लोल्ली आणि दोमेनिको पोन्झियानी यांचे ग्रंथ अनुक्रमे १७५०, १७६३ आणि १७६९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्याद्यांची साखळी पुढे सरकवण्यात वेळ घालवण्यापेक्षा मोहरे झपाट्याने बाहेर काढून शत्रूच्या राजावर हल्ला करावा, असे त्यांचे मत होते. कायमस्वरूपी रचना श्रेष्ठ की मोहऱ्यांची क्रियाशीलता श्रेष्ठ, हा बुद्धिबळातील पहिला मोठा सैद्धांतिक वाद होय. या वादाचा अंतिम निकाल लागला नाही. पुढील जवळजवळ प्रत्येक संप्रदायाने तो नव्या शब्दांत मांडला.

हल्ल्याचे युग आणि मॉर्फी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोदेनाच्या विश्लेषकांना प्रिय असलेली हल्ल्याची शैली प्रबळ होती. १८३४ मध्ये लुई-शार्ल दे ला बूर्दोने आणि अलेक्झांडर मॅकडोनेल यांच्यात लंडनमध्ये झालेल्या सामन्यांच्या मालिकेतील ८५ डावांची नोंद ठेवली गेल्यामुळे उच्च दर्जाच्या डावांचा मोठा संग्रह प्रथमच अभ्यासासाठी उपलब्ध झाला. पाउल रुडॉल्फ फॉन बिल्गुअर याने आरंभलेला आणि टासिलो फॉन डेर लासा याने पूर्ण केलेला जर्मन 'हांडबूख' १८४३ मध्ये निघाला. प्रारंभांची तक्त्यांच्या रूपात पद्धतशीर मांडणी करणारा हा ग्रंथ अनेक दशके प्रमाण मानला गेला.

या काळात गँबिट, म्हणजे प्रारंभीच प्यादे देऊन त्याच्या बदल्यात वेळ आणि हल्ला मिळवण्याची पद्धत, लोकप्रिय होती. देऊ केलेले प्यादे नाकारणे भित्रेपणाचे समजले जाई. अडॉल्फ अँडरसन याने १८५१ मध्ये लंडनमध्ये लायोनेल कीझेरित्स्की याच्याविरुद्ध खेळलेल्या डावात एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर यांचा बळी देऊन मात केली. हा डाव 'अमर डाव' या नावाने ओळखला जातो.

अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी (१८३७–१८८४) यानेही बळी दिले. परंतु त्याचे बळी वेगळ्या पायावर उभे होते. १८५८ मध्ये पॅरिसच्या संगीतिकागृहात दोन सरदारांच्या संयुक्त जोडीविरुद्ध तो १७ खेळ्यांचा एक डाव खेळला. त्यात त्याने वजीर देऊन मात केली, तेव्हा काळ्याचा राजाच्या बाजूचा हत्ती आणि उंट जागचे हललेही नव्हते. सर्व मोहरे लवकर कामास लावणे, राजाला किल्लेकोट करून सुरक्षित करणे आणि त्यानंतरच मध्यभाग उघडणे ही तत्त्वे मॉर्फीच्या डावांतून दिसतात. त्याने स्वतः ती सिद्धांत म्हणून लिहून ठेवली नाहीत. पुढील पिढ्यांनी ती त्याच्या डावांतून काढली.

स्टाइनिट्झ आणि अभिजात संप्रदाय

मॉर्फीच्या हल्ल्यांना यश का मिळते आणि इतरांचे तसेच दिसणारे हल्ले का फसतात, या प्रश्नाचे सुसंगत उत्तर प्रागमध्ये जन्मलेल्या विल्हेल्म स्टाइनिट्झ (१८३६–१९००) याने दिले. त्याच्या मते डावाच्या आरंभी दोन्ही बाजू समतोल असतात. हा समतोल प्रतिस्पर्ध्याने चूक केल्याशिवाय ढळत नाही आणि समतोल ढळलेला नसताना केलेला हल्ला अचूक बचावापुढे फसतो. म्हणून खेळाडूने प्रथम लहान लहान लाभ साठवावेत. दोन उंटांची जोडी, शत्रूच्या प्याद्यांतील दुर्बलता, खुल्या उभ्या ओळीवरील ताबा आणि प्याद्याने कधीही संरक्षण करता न येणारी घरे हे असे लाभ होत. पुरेसे लाभ जमल्यावर हल्ला करणे हा केवळ हक्क नसून कर्तव्य ठरते. अन्यथा मिळालेला लाभ निसटतो.

१८८६ मध्ये योहानेस झुकरटोर्ट याच्याविरुद्ध १० डाव जिंकून, ५ हरून आणि ५ बरोबरीत सोडवून स्टाइनिट्झ पहिला अधिकृत विश्वविजेता झाला. बचाव हाही जिंकण्याचा मार्ग असू शकतो, हे त्याने दाखवले. राजा स्वतःचे रक्षण करू शकतो, या मताचा त्याने इतका आग्रह धरला की आपल्या नावाच्या गँबिटमध्ये वजीर पटावर असतानाच तो राजाला प्रारंभी पुढे आणत असे.

न्यूरेंबर्ग येथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या झीगबर्ट टाराश (१८६२–१९३४) याने स्टाइनिट्झचे विचार सोपे करून सर्वसामान्य खेळाडूंपर्यंत पोहोचवले. हत्ती मुक्त प्याद्याच्या, म्हणजे ज्याला अडवणारे शत्रूचे प्यादे समोर किंवा शेजारच्या ओळींवर उरलेले नाही अशा प्याद्याच्या मागे असावा; घोडा कडेच्या ओळीवर दुर्बल असतो; मध्यभाग प्याद्यांनी व्यापावा; असे अनेक पाठ त्याच्या लेखनातून रूढ झाले. या सुबोधतेची किंमतही होती. स्टाइनिट्झचे निरीक्षण टाराशच्या हाती नियम झाले आणि त्याच्या वाचकांच्या हाती नियमाचा कायदा झाला. १८९४ ते १९२१ या काळात विश्वविजेता राहिलेला इमॅन्युएल लास्कर याने नियमांपेक्षा दोन व्यक्तींमधील संघर्षावर भर दिला. १९०८ मधील विश्वविजेतेपदाच्या सामन्यात त्याने टाराशला ८ विरुद्ध ३ विजयांनी पराभूत केले. ५ डाव बरोबरीत सुटले.

अतिआधुनिक संप्रदाय

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मध्य आणि पूर्व युरोपातील तरुण खेळाडूंनी टाराशच्या शिकवणीला उघड आव्हान दिले. अ‍ॅरन निमझोविच, रिचर्ड रेटी, ग्युला ब्रेयर आणि सेव्हिली टार्टाकोवर हे त्यांतील प्रमुख होत. मध्यभागाचे महत्त्व त्यांनी नाकारले नाही. मध्यभाग प्याद्यांनीच व्यापला पाहिजे, हे गृहीतक मात्र त्यांनी नाकारले. मध्यभागावर दुरून, मोहऱ्यांच्या दबावानेही ताबा ठेवता येतो आणि प्रतिस्पर्ध्याने घाईने उभारलेले प्याद्यांचे केंद्र हल्ल्याचे लक्ष्य बनवता येते, असे त्यांनी दाखवले. निमझोविच याने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'माझी पद्धती' या अर्थाच्या शीर्षकाच्या जर्मन ग्रंथात नाकेबंदी, प्रतिबंधक खेळी आणि महत्त्वाच्या घराचे गरजेपेक्षा अधिक संरक्षण या कल्पनांची मांडणी केली.

या विचारांची कसोटी १९२४ मधील न्यूयॉर्क स्पर्धेत लागली. १९१६ पासून एकही डाव न हरलेला विश्वविजेता होझे राउल कापाब्लांका याला रेटीने पराभूत केले. मात्र ती स्पर्धा जिंकली ती ५५ वर्षांच्या लास्करने. नव्या संप्रदायाने जुन्याला बाद केले, असे चित्र यातून उभे राहत नाही. खेळाडूंच्या हाती असलेले पर्याय वाढले, इतकाच निष्कर्ष काढता येतो.

भारतीय रचना

अतिआधुनिक संप्रदायाने प्रतिष्ठा मिळवून दिलेल्या काही प्रारंभांच्या नावांत 'इंडियन' हा शब्द आढळतो. पांढऱ्याने वजिरासमोरील प्यादे दोन घरे पुढे टाकल्यावर काळा राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढतो आणि बहुधा एक वा दोन्ही उंट लांब कर्णरेषेवर बसवतो. भारतीय पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जात असे. त्यामुळे अशी संयमी मांडणी भारतीय खेळाडूंच्या अंगवळणी पडलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरविरुद्ध युरोपीय नियमांनी अनेक डाव खेळले. त्यांपैकी १८५५ मधील एका डावात, १९२२ मध्ये अर्न्स्ट ग्रूनफेल्ड याने खेळात आणलेल्या आणि त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बचावाच्या खेळ्या आढळतात. युरोपातील ग्रंथकारांनी त्या काळी या मांडणीला विशेष महत्त्व दिले नाही.

भारतीय परंपरेचे ज्ञान युरोपीय वाचकांपर्यंत नेण्याचा एक प्रयत्न मुंबईतही झाला. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर तेथे १८१४ मध्ये छापले गेले.

सोव्हिएत संप्रदाय

१९२७ मध्ये ब्युनोस आयर्स येथे अलेक्झांडर अलेखिन याने कापाब्लांकाचा पराभव केला. त्या सामन्याच्या ३४ डावांपैकी ३२ डाव क्वीन्स गँबिट नाकारण्याच्या एकाच प्रारंभाने खेळले गेले आणि २५ डाव बरोबरीत सुटले. आघाडीच्या खेळाडूंना पुरेसे ज्ञान झाले असून खेळ आता बरोबरीतच संपत जाईल, अशी भीती या काळात व्यक्त होत होती. कापाब्लांकाने मोठ्या पटाचा आणि अधिक मोहऱ्यांचा खेळ सुचवला होता.

या भीतीला उत्तर मिळाले ते सोव्हिएत खेळाडूंच्या कामातून. विद्युत अभियंता असलेला आणि १९४८ मध्ये विश्वविजेता झालेला मिखाईल बॉटविनिक याने तयारीला शास्त्रीय शिस्त आणली. प्रारंभाचा अभ्यास सुटा न करता त्यातून उद्भवणाऱ्या मध्यडावासह करणे, स्वतःच्या डावांचे निष्ठुरपणे विश्लेषण करणे आणि प्रतिस्पर्ध्याचा पूर्वाभ्यास करणे हे त्याच्या पद्धतीचे भाग होते. इसाक बोलेस्लाव्स्की, डेव्हिड ब्रॉनस्टीन आणि येफिम गेलर यांनी किंग्ज इंडियन बचावातील काळ्याची वरवर कोंडलेली स्थिती प्रतिहल्ल्याला अनुकूल असल्याचे दाखवले.

जुन्या नियमांनी वाईट ठरवलेल्या गोष्टी विशिष्ट स्थितीत चांगल्या असू शकतात, हा या काळाचा मुख्य धडा होय. त्याची दोन उदाहरणे नेहमी दिली जातात. १९५३ मधील झ्युरिक येथील स्पर्धेत सॅम्युएल रेशेव्हस्की याच्याविरुद्ध तिग्रान पेट्रोशियन याने आपला हत्ती अशा घरात नेला, जेथे तो पांढऱ्याच्या उंटाला मारता येत होता. हल्ला किंवा मात हा या बळीचा हेतू नव्हता. हत्तीने रिकाम्या केलेल्या घरातून आपला घोडा पटाच्या मध्यावर भक्कमपणे बसावा आणि पांढऱ्याची प्यादी अडवली जावीत, एवढाच तो होता. डाव बरोबरीत सुटला. दुसरे उदाहरण सिसिलियन बचावातील स्वेश्निकोव्ह प्रकाराचे आहे. त्यात काळा पाचव्या खेळीच्या सुमारास राजासमोरील प्यादे पुढे टाकून डी५ या मध्यवर्ती घराचे प्याद्याने रक्षण करण्याची शक्यता स्वतःहून सोडतो. स्टाइनिट्झच्या कसोटीने ही उघड चूक ठरते. एव्गेनी स्वेश्निकोव्ह याने १९७०च्या दशकात केलेल्या कामानंतर हा प्रकार सर्वोच्च पातळीवर मान्य झाला. कारण त्या घराच्या बदल्यात काळ्याच्या मोहऱ्यांना पुरेशी हालचाल मिळते.

अमेरिकन लेखक जॉन वॉटसन याने १९९८ मध्ये या बदलाचा आढावा घेतला आणि आधुनिक खेळाडू नियमांपासून स्वतंत्र होत गेला, असा निष्कर्ष मांडला. याचा अर्थ नियम निरुपयोगी झाले, असा नाही. नियम हा अनुभवाचा सारांश असतो. सारांश कोठे लागू पडत नाही, हे ओळखण्यासाठी तो आधी माहीत असावा लागतो.

अंतिम डावाचा सिद्धांत

अंतिम डावाच्या अभ्यासात मतापेक्षा सिद्धतेला महत्त्व असते. एका बाजूस हत्ती व प्यादे आणि दुसऱ्या बाजूस केवळ हत्ती असताना बचाव कसा करावा, हे फिलिदोरने १७७७ च्या आवृत्तीत दाखवले. बचाव करणाऱ्याने आपला हत्ती शत्रूच्या राजाला पुढे येऊ न देणाऱ्या आडव्या ओळीवर ठेवावा आणि प्यादे त्या ओळीवर सरकताच हत्ती दूर नेऊन मागून शह देत राहावे. याच्या उलट, प्यादे वजीर होण्याच्या एक घर अलीकडे असताना जिंकण्याची रीत 'ल्युसेना स्थिती' या नावाने शिकवली जाते. प्रत्यक्षात ती ल्युसेनाच्या ग्रंथात नाही. ती अलेस्सांद्रो साल्व्हिओ याच्या १६३४ मधील ग्रंथात आढळते.

१९२१ मध्ये रेटीने रचलेल्या एका अभ्यासात पटावर दोन राजे आणि दोन प्यादी एवढेच आहेत. पांढऱ्याचा राजा शत्रूच्या प्याद्यापासून खूप दूर असतो. तरीही तिरका चालत तो एकाच वेळी त्या प्याद्याकडे आणि स्वतःच्या प्याद्याकडे सरकतो आणि डाव बरोबरीत सोडवतो. कर्णरेषेचा मार्ग सरळ मार्गाइतक्याच खेळ्यांत पूर्ण होतो, ही पटाची भूमिती या अभ्यासामुळे सर्वांच्या लक्षात आली.

संगणकाने या शाखेत सर्वांत आधी निर्णायक भर घातली. केन थॉम्पसन याने ठरावीक मोहऱ्यांच्या सर्व स्थितींचे मातेपासून उलट दिशेने गणित करून संपूर्ण तक्ते तयार केले. १९७७ मध्ये अमेरिकन ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन याने हत्तीविरुद्ध वजीर ही सोपी समजली जाणारी स्थिती या तक्त्याविरुद्ध खेळून पाहिली. तक्त्यानुसार ३१ खेळ्यांत जिंकता येणाऱ्या त्या स्थितीत पहिल्या प्रयत्नात त्याला ५० खेळ्यांच्या मर्यादेत विजय मिळाला नाही. अभ्यास करून केलेल्या दुसऱ्या प्रयत्नात तो नेमक्या पन्नासाव्या खेळीला यशस्वी झाला. एका घोड्याविरुद्ध दोन उंट ही स्थिती एकोणिसाव्या शतकापासून बरोबरीची मानली जात होती. १९८३ मध्ये थॉम्पसनच्या तक्त्याने ती ६६ खेळ्यांपर्यंत जिंकता येते, हे सिद्ध केले. २०१२ मध्ये मॉस्कोत राजांसह सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचे तक्ते पूर्ण झाले. त्यांतील एका स्थितीत मात होण्यास ५४९ खेळ्या लागतात. त्या खेळ्यांमागे माणसाला सांगता येईल असे कोणतेही तत्त्व बहुतांशी दिसत नाही.

माहितीसंग्रह आणि संगणक

१९६६ मध्ये बेलग्रेड येथून 'शाहोव्स्की इन्फॉर्मेटर' हे प्रकाशन सुरू झाले. भाषेऐवजी चिन्हांचा वापर केल्यामुळे त्यातील विश्लेषण कोणत्याही देशातील खेळाडूला वाचता येत असे. याच संस्थेने १९७४ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रारंभांच्या पाच खंडी ज्ञानकोशात सर्व प्रारंभांची ५०० सांकेतिक क्रमांकांत विभागणी करण्यात आली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हेच ज्ञान संगणकीय माहितीसंग्रहांत आले आणि डाव शोधण्याचे काम काही क्षणांचे झाले.

१९९७ मध्ये 'डीप ब्लू' या संगणकाने विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह याला ३½–२½ असे पराभूत केले. त्यानंतरच्या दशकात सामान्य संगणकावर चालणाऱ्या आज्ञावल्याही सर्वोत्तम मानवी खेळाडूंपेक्षा बलवान झाल्या. तयारीचे स्वरूप पालटले. २००० मध्ये व्लादिमिर क्रामनिक याने जुन्या बर्लिन बचावाचा आधार घेतला आणि कास्पारोव्हला सामन्यात एकही डाव जिंकू न देता विश्वविजेतेपद मिळवले. २००८ मध्ये बॉन येथे विश्वनाथन आनंद याने क्रामनिकविरुद्धच्या सामन्यातील तिसरा आणि पाचवा डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. दोन्ही डावांत त्याने सेमी-स्लाव्ह बचावाच्या मेरान प्रकारात अत्यंत तीव्र आणि सखोल तयारी केलेली योजना वापरली होती. माणसाने कल्पना सुचवायची आणि यंत्राने ती तपासायची, अशी विभागणी या काळात रूढ झाली.

२०१७ च्या अखेरीस या विभागणीलाही धक्का बसला. डीपमाइंड या कंपनीच्या 'अल्फाझीरो' या प्रणालीला केवळ खेळाचे नियम देण्यात आले होते. स्वतःशीच खेळून शिकलेल्या या प्रणालीने तत्कालीन बलाढ्य 'स्टॉकफिश' आज्ञावलीविरुद्ध १०० डावांत २८ विजय मिळवले आणि ७२ डाव बरोबरीत सोडवले. या सामन्याच्या अटींवर टीका झाली. तथापि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत चाचण्यांतही अल्फाझीरोचे वर्चस्व दिसून आले. कडेचे प्यादे शत्रूच्या राजाकडे पुढे सरकवणे, हालचाल मिळवण्यासाठी प्यादी देणे आणि शत्रूचे मोहरे दीर्घकाळ कोंडून ठेवणे ही तिच्या खेळाची वैशिष्ट्ये होती. लाभ ताबडतोब न मोजता हालचालीसाठी प्यादे देण्याची ही वृत्ती मॉर्फीच्या युगाशी जवळची वाटते. २०२० पासून स्टॉकफिशमध्येही न्यूरल जाळ्याचा अंतर्भाव करण्यात आला.

सद्यःस्थिती

२०१८ मधील मॅग्नस कार्लसन आणि फाबियानो कारुआना यांच्यातील विश्वविजेतेपदाच्या सामन्याचे नियमित १२ डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांनी लागला. त्यामुळे १९२०च्या दशकातील शंका पुन्हा चर्चेत आली. बॉबी फिशर याने १९९६ मध्ये जाहीर केलेल्या प्रकारात मागच्या ओळीतील मोहऱ्यांची मांडणी ९६० शक्य मांडण्यांतून चिठ्ठीने ठरते. त्यामुळे पाठ केलेला प्रारंभ उपयोगी पडत नाही. क्रामनिक याने किल्लेकोट वगळून खेळण्याचा पर्याय सुचवला आहे.

मूळ बुद्धिबळाचा आरंभीच्या स्थितीपासूनचा निर्णय अद्याप गणिताने सिद्ध झालेला नाही. दोन्ही बाजूंनी अचूक खेळ झाल्यास डाव बरोबरीत सुटेल, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात; परंतु ते मत आहे, सिद्धता नव्हे. यंत्र योग्य खेळी दाखवते, मात्र तिचे कारण शब्दांत सांगत नाही. पटावर बसलेल्या खेळाडूला यंत्राची मदत घेता येत नसल्यामुळे ते कारण समजून घेण्याचे आणि लक्षात राहील अशा तत्त्वात मांडण्याचे काम माणसाकडेच राहिले आहे. फिलिदोरने १७४९ मध्ये खेळ्यांना जोडलेल्या टिपांचा हेतूही हाच होता.